कच्चा लिंबू आणि गोल्फचा साप्ताहिक सामना

सोलापूरच्या पार्क मैदानावर क्रिकेट चालतें, तालमींत कुस्ती चालते, शाळांच्या पटांगणांवर खो-खो आणि कबड्डी चालते; परंतु गोल्फ हा खेळ या गांवांत मीं कोणास खेळतांना पाहिलेला नाहीं. अवर्षणाच्या या जिल्ह्यांत शंभर-सव्वाशें एकर हिरवळीला पाणी पाजण्याची सूचना कोणी आणलीच, तर तिला विरोध करणाऱ्यांत माझें नांव पहिलें असेल. असें असतां या महिन्याचें सदर त्या खेळाच्या नियमांस कां द्यावें, असा प्रश्न घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत येणें साहजिक आहे. कारण असें कीं, पुण्यास नोकरीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी तेथील गोल्फ खेळणाऱ्या एका मित्रमंडळाचा चिटणीस झाला आहे. दर रविवारीं सकाळीं त्यांचा सामना होतो. सामन्याचे नियम आजवर तोंडीं होते, आणि तोंडीं नियमांचें जें होतें तेंच त्यांचेंही झालें. म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याची स्मरणशक्ति खरी ठरूं लागली. तेव्हां नियम लिहून काढण्याचें काम याच्या गळ्यांत पडलें. त्यानें इंग्रजी मसुदा व नियमांचें पुस्तक मजकडे पाठवून लिहिलें, ‘गुरुजी, मैदानावरच्या कॅडी मंडळींसही समजतील असे हे मराठींत करून द्या.’ तें काम करतांना जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम खेळाची ओळख. गोट्या खेळतांना मुलें जमिनींत जशी गल करतात, तशा अठरा गली एका विस्तीर्ण हिरव्या रानांत दूर दूर केलेल्या असतात. प्रत्येकीचा व्यास सव्वाचार इंच. तिला ‘होल’ म्हणतात. कॅडींच्या तोंडीं तोच शब्द असल्यामुळें मीही तोच ठेवला आहे. ठराविक जागेवरून चेंडू काठीनें मारीत मारीत होलमध्यें घालावयाचा. फटके जितके कमी तितकें चांगलें. कसलेल्या खेळाडूस एकेका होलला तीन, चार किंवा पांच फटके लागावेत असें आधींच ठरलेलें असतें, त्या संख्येस ‘पार’ म्हणतात. अठरा होलांचा पार मिळून बहुधा बहात्तर होतो. वाटेंत वाळूचे खड्डे, पाणी आणि झाडी हीं विघ्नें मुद्दाम ठेवलेलीं असतात. पिशवींत चौदांहून अधिक काठ्या बाळगावयाच्या नाहींत. इतकें समजलें म्हणजे पुढचें सर्व समजण्यास हरकत नाहीं.

नियम लिहिण्याची गरज या खेळांत सामन्यामुळेंच उत्पन्न झाली. स्कॉटलंडांत एडिंबरोजवळ लीथ येथें १७४४ सालीं एडिंबरो शहरानें चांदीची काठी बक्षीस लावली, आणि बक्षीस आलें कीं वाद आलाच, म्हणून खेळाडूंनीं तेरा नियम कागदावर उतरविले. तो सामना जॉन रॅट्रे नांवाच्या शल्यवैद्यानें जिंकला. त्या तेरांतला एक नियम मला फार आवडला. मारलेला चेंडू माणसानें, घोड्यानें, कुत्र्यानें किंवा आणखी कशानें अडविला, तर तो जेथें थांबेल तेथूनच पुढें खेळावा, असें त्यांत सांगितलें होतें. आजच्या पुस्तकांतही चेंडू चालता असेल तर हाच न्याय आहे. परंतु स्वस्थ पडलेला चेंडू कुत्र्यानें उचलून नेला, तर दंड न घेतां तो मूळ जागीं परत ठेवावयाचा. व्याकरण शिकलेल्या माणसास यांत उत्सर्ग आणि अपवाद यांचा ओळखीचा संबंध दिसेल. चेंडू जसा पडला असेल तसा खेळावा, मैदान जसें असेल तसें पत्करावें, हे दोन उत्सर्ग. आणि जेथें ते लावणें अशक्य तेथें जें न्याय्य तें करावें, ही परिभाषा. सारें पुस्तक या तीन वाक्यांचा विस्तार आहे.

हा खेळ आपल्याकडे इंग्रजांबरोबर फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना समजतात. मुंबईंत १८४२ सालीं क्लब निघाला. नाशकास ‘गोल्फ क्लब मैदान’ हें नांव अजून लोकांच्या बोलण्यांत आहे, जरी त्या मैदानास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव दिलेलें आहे आणि तेथें गोल्फ नव्हे, क्रिकेट खेळतात. एतद्देशीयांस पुष्कळ क्लबांचीं दारें बंद होतीं. १९१८ च्या सुमारास गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं मुंबईंत गोरे व हिंदी या दोघांसही खुला असा क्लब काढला, त्यांत गोल्फचें मैदान होतें. आतां तर पुण्याचा उदयन माने २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत खेळून आला, आणि त्याच ऑलिंपिकांत बंगळूरची अदिति अशोक चौथी आली. तिचें पदक अवघ्या एका फटक्यानें हुकलें. परंतु हें मोठ्यांचें. माझ्या विद्यार्थ्याच्या सामन्यांत बँकेंतले अधिकारी, दोन डॉक्टर, एक निवृत्त कर्नल, कारखानदार, आणि गेल्या वर्षीं प्रथम काठी हातीं धरलेले वकील असे लोक आहेत. कर्नलसाहेब ऐंशीं फटक्यांत मैदान पुरें करतात, वकिलांस शंभर-सव्वाशें लागतात. या दोघांचा सामना कसा व्हावा?

असमानांचा खेळ आपल्याकडे तीन तऱ्हांनीं चालतो. आखाड्यांत वस्ताद जोड लावतो. वजन, वय, कसब पाहून तोडीस तोड गडी समोर उभा करतो, आणि जोड मिळाली नाहीं तर कुस्ती लावीत नाहीं. शाळेंत वयाप्रमाणें गट पाडतात. तिसरी तऱ्हा वाड्याच्या अंगणांतली, ती म्हणजे कच्चा लिंबू. धाकट्यास खेळांत घ्यावयाचें, पण मोजावयाचें नाहीं. तो बाद झाला तरी बाद नाहीं, आणि त्यानें कोणास बाद केलें तरी तें खरें नाहीं. चार वर्षांच्या मुलास हें गोड वाटतें. सातव्या वर्षीं त्याच्या ध्यानांत येतें कीं आपण पळतों, ओरडतों, घामाघूम होतों, पण खेळांत नाहींच. आणि तो रुसून घरांत येतो. मग घरांतील मंडळी म्हणतात, कार्टें उगीच रडतें! तें उगीच रडत नसतें.

गोल्फवाल्यांनीं चौथी तऱ्हा काढली. तिला ‘हँडिकॅप’ म्हणतात. हा शब्द मूळ देवाणघेवाणीच्या एका जुन्या खेळांतला, टोपींत हात घालण्याशीं संबंध असलेला. तेथून तो घोड्यांच्या शर्यतींत गेला. मुंबई-पुण्याच्या शर्यती ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस ठाऊक असेल कीं, जोरदार घोड्याच्या पाठीवर अधिक वजन चढवितात. म्हणजे शर्यतींत समर्थावर ओझें घालून त्यास दुर्बळाच्या पायरीवर आणतात. गोल्फमध्यें उलट आहे. समर्थास हात लावीत नाहींत. दुर्बळास कांहीं फटके माफ करतात. म्हणून मीं मराठींत त्यास ‘सवलत’ म्हटलें आहे. विद्यार्थ्यानें ‘न्यूनपूरण’ असा शब्द सुचविला होता. तो शब्द शुद्ध आहे, पण कॅडीपर्यंत पोंचावयाचा नाहीं.

हिशोब असा. कर्नलसाहेबांची सवलत सहा, वकिलांची चोवीस असें समजा. रविवारीं कर्नलसाहेबांस ऐंशीं फटके लागले. सहा वजा जातां निव्वळ चौऱ्याहत्तर. वकिलांस शहाण्णव लागले. चोवीस वजा जातां निव्वळ बहात्तर. वकील जिंकले. आणि हें जिंकणें खोटें नव्हे, कारण त्या दिवशीं वकील आपल्या नेहमींच्या मानानें उत्तम खेळले आणि कर्नलसाहेब आपल्या नेहमींच्या मानानें सामान्य. कच्चा लिंबू आणि वकील यांत हाच भेद आहे. वकिलांचा एकेक फटका मोजलेला आहे. त्यांस कोणी कौतुकानें सोडून दिलेलें नाहीं.

तथापि नवशिक्याच्या वाटेंत आणखी एक संकट असतें. एखाद्या होलवर चेंडू वाळूंत रुतला, मग पाण्यांत गेला, आणि चारांच्या जागीं अकरा फटके झाले, कीं साऱ्या सकाळीचा खेळ मातींत जातो. यावर उपाय काढला फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्लंडांतील शल्यवैद्यानें. (या खेळांत शल्यवैद्यांचाच हात फार दिसतो.) त्याच्या पद्धतीचा पहिला गाजलेला सामना वॉलसी येथें १९३२ च्या मे महिन्यांत झाला. त्यानें फटक्यांची एकंदर बेरीज सोडून दिली व होलवार गुण दिले. सवलत धरून पार आला तर दोन गुण, एक फटका अधिक लागला तर एक, त्याहून अधिक लागले तर शून्य. एक कमी लागला तर तीन, दोन कमी लागले तर चार. सवलतीचे फटके अवघड होलांवर प्रथम वांटतात. चोवीसवाल्यास प्रत्येक होलवर एक, आणि सर्वांत अवघड अशा सहांवर आणखी एक. शून्य मिळाल्यावर चेंडू उचलून पुढें चालावें. मागच्यांचा खोळंबा होत नाहीं. अकरा फटक्यांचें पाप त्या एका होलवर संपतें, पुढच्या होलला चिकटत नाहीं. साप्ताहिक सामन्यास हीच पद्धति ठेवावी, असें मीं आग्रहानें लिहिलें. रविवारीं सकाळीं मन रमवावयास आलेला गृहस्थ तिसऱ्या होलवरच हिरमुसून घरीं परतला, तर त्याचा त्रास दिवसभर घरच्या मंडळींस होतो.

आतां मुख्य अडचण. सवलत ठरवावयाची कोणीं? माणूस स्वतःविषयीं जें सांगेल तें मानावें, तर कांहीं जण अभिमानानें कमी सांगतील आणि कांहीं जण बक्षिसासाठीं जास्त. २०२० पासून जगभर एकच पद्धति सुरू झाली आहे. खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्यांचीं कार्डें घ्यावयाचीं, प्रत्येक फेरीचा आंकडा त्या मैदानाच्या अवघडपणाप्रमाणें दुरुस्त करावयाचा, आणि त्यांतील उत्तम अशा आठांची सरासरी काढावयाची. ती त्याची पातळी. चोपन्न ही तिची कमाल मर्यादा. शिताहून भाताची परीक्षा करण्याचा आपला स्थालीपुलाकन्याय येथें चालत नाहीं. वीस शितें दाबून पाहावीं लागतात.

उत्तम आठच कां घ्यावयाचीं, हें मला प्रथम विचित्र वाटलें, कारण शाळेंत आम्ही सर्व चाचण्यांची सरासरी काढीत असूं. विचार करतां मर्म कळलें. सवलत ही माणसाच्या नेहमींच्या खेळाशीं नव्हे, तर त्याच्या चांगल्या खेळाशीं बांधलेली आहे. त्यामुळें आपल्या सवलतीइतकें खेळणें सामान्य माणसास चार-पांच वेळां एकदांच साधतें. म्हणून जो गृहस्थ दर दुसऱ्या रविवारीं सवलतीहून सरस खेळतो, त्याच्या सवलतींत कोठें तरी पाणी मुरतें आहे असें समजावें.

आणि मंडळांत नेमकें हेंच घडत होतें. एक सभासद अडीच महिन्यांत चार वेळां पहिला आला. कुजबुज सुरू झाली. कार्यकारी मंडळींत दोन तट पडले. एकांचें म्हणणें, लागोपाठ जिंकणारास बोलावून जाब विचारावा, असा नियमच करावा. दुसऱ्यांचें म्हणणें, दर रविवारीं हातांत हात घालून चालणारीं माणसें आपण, संशयाचा नियम कशाला? चिटणीसाची पंचाईत अशी कीं, तो गृहस्थ त्याच्याच कचेरींत वरिष्ठ.

मीं कळविलें तें येणेंप्रमाणें. माणसास जाब विचारणारा नियम करूं नये, कारण जाब विचारल्यावर निर्दोष माणूसही कायमचा डागाळतो. नियम कार्डांस जाब विचारणारा असावा. या गृहस्थांच्या जिंकण्याचीं कारणें दोनच संभवतात. ते मनापासून सराव करून खरोखर सुधारले असतील. तसें असेल तर त्यांचीं चांगलीं कार्डें सवलत आपोआप खालीं आणतील, आणि कोणास तोंड उघडावें लागणार नाहीं. किंवा, सामन्याव्यतिरिक्त इतर दिवशीं खेळलेल्या फेऱ्यांपैकीं वाईट तेवढ्या ते नोंदवीत असतील व चांगल्या खिशांत ठेवीत असतील. आपल्या व्यवहारांत माणसें दोष लपवितात, येथें गुण लपविणारा लबाड ठरतो! तेव्हां नियम इतकाच पुरे. जो खेळावयास आरंभ करण्यापूर्वीं फेरी मोजावयाची असें जाहीर करील, त्यानें तिचें कार्ड त्याच दिवशीं दिलें पाहिजे. खेळ चांगला होवो, वाईट होवो, कीं पावसामुळें अर्धा राहो. कार्ड न देणारास, योग्य कारण नसल्यास, ती फेरी त्याच्या सर्वांत चांगल्या फेरीइतकी चांगली झाली असें धरून नोंद करावी. लपविण्यांत लाभ उरला नाहीं म्हणजे लपविण्याची इच्छाही पुष्कळशी ओसरते.

जागतिक पद्धतींतही असे बांध घातलेले आहेत, हें पुस्तक वाचतांना दिसलें. वर्षभरांतील आपल्या सर्वांत खालच्या पातळीहून तीनांपेक्षां अधिक वर जाणाराची वाढ पुढें निम्मीच धरतात, आणि पांचांपलीकडे वाढूंच देत नाहींत. उलट कोणी एकाएकीं आपल्या पातळीहून सात फटके सरस खेळला, तर त्याची सवलत तत्काळ आणखी एकानें उतरते. दहा सरस खेळला तर दोहोंनीं. यांत कोणावर आरोप नाहीं, चौकशी नाहीं. आजारपणानें खेळ खरोखर खालावलेल्या माणसावर यानें थोडा अन्याय होईल, हें खरें. त्यासाठीं समितीस विशेष विचार करण्याची मुभा ठेवलेली आहे.

आणि पंच? पंच नाहींच. आपल्या खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं बसविले, त्यापूर्वीं गांवोगांव निराळी रीत होती. पण त्या नियमांत पंच आहेत, शिट्टी आहे. येथें तीन-चार जण मैल-दोन मैल दूर रानांत गेलेले, प्रत्येकाचा चेंडू वेगळ्या झुडपांत. झुडपाआड काठी लागून चेंडू अर्धा इंच हलला, तर पाहणारा एकटा परमेश्वर. तरी दंडाचा फटका स्वतःच सांगावयाचा. अमेरिकेचा बॉबी जोन्स १९२५ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेंत चेंडू हलल्याचें स्वतःच सांगून बसला. दुसऱ्या कोणीं पाहिलें नव्हतें, आणि अधिकारी त्यास सोडून देण्यास तयार होते. त्या एका फटक्यानें त्याची बरोबरी झाली, आणि पुढच्या निर्णायक खेळांत तो हरला.

तरीही माणसाच्या सचोटीवर सारें टाकलेलें नाहीं, ही गोष्ट मला विशेष शहाणपणाची वाटते. खेळण्यास निघतांना कार्डांची अदलाबदल करतात. माझे फटके तुम्ही लिहावयाचे, तुमचे मीं. लिहिणारास इंग्रजींत ‘मार्कर’ म्हणतात, मीं ‘साक्षी’ लिहिलें. प्रत्येक होलनंतर आंकडा मोठ्यानें सांगून पटवून घ्यावा. शेवटीं साक्षीनें सही करावी, मग खेळाडूनें तपासून सही करावी आणि कार्ड समितीकडे द्यावें. त्यानंतर खाडाखोड नाहीं. एखाद्या होलला खऱ्याहून कमी फटके लिहिलेले निघाले तर सामान्यतः खेळाडू बाद. जास्त लिहिलेले निघाले तर ते जास्तच कायम. बेरीज आणि सवलतीची वजाबाकी मात्र समितीनें करावयाची; २०२३ च्या दुरुस्तीपासून कार्डावर सवलत लिहिण्याचीही जबाबदारी खेळाडूवर नाहीं.

हा नियम किती कठोर आहे तें १९६८ सालीं अमेरिकेंतील मास्टर्स स्पर्धेंत दिसलें. अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विसेन्सो सतराव्या होलवर तीन फटक्यांत आला. साक्षीनें चुकून चार लिहिले. यानें न पाहतां सही केली. एकूण पासष्टऐवजीं सहासष्ट कायम झाले, आणि बरोबरी होऊन निर्णायक खेळ व्हावयाचा तो न होतां तो एका फटक्यानें हरला. त्या दिवशीं त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. हजारों लोकांनीं तो तीन फटक्यांचा खेळ डोळ्यांनीं पाहिला होता. पण सहीपुढें डोळ्यांचें कांहीं चाललें नाहीं. माझ्या विद्यार्थ्यास हा नियम साप्ताहिक सामन्यास फार जड वाटला. मला तसें वाटत नाहीं. सही करण्यापूर्वीं वाचावें ही संवय ज्या घरांत असते, त्या घरांतले खटले कमी होतात, हें जमिनीचे कागद हाताळलेल्या कोणासही विचारावें.

बाकीचे नियम वादाचे नाहींत, म्हणून लवकर आटोपतों. नांवें शुक्रवारीं सायंकाळपर्यंत द्यावीं. उन्हाळ्यांत सहा वाजतां आरंभ करावा. आपल्या चेंडूवर पेन्सिलीनें खूण करावी, कारण परक्याचा चेंडू मारल्यास दोन फटक्यांचा दंड आहे. हरवलेला चेंडू तीन मिनिटेंच शोधावा. २०१९ पूर्वीं पांच होतीं. मूळ चेंडू सांपडणार नाहीं अशी शंका असल्यास दुसरा मारण्यापूर्वीं तसें स्पष्ट सांगावें. मनांतल्या मनांत ठरविलेलें चालत नाहीं. पावसाळ्यांत साचलेल्या पाण्यांत चेंडू पडला, किंवा आपल्याच आघातानें मऊ जमिनींत रुतला, तर दंडाशिवाय बाजूस घेतां येतो. गुण सारखे झाल्यास शेवटचे नऊ होल पाहावे, मग शेवटचे सहा, मग तीन, आणि शेवटीं अठरावा. बक्षीस लहान असावें. चेंडूंची एक पेटी पुरे. मोठें बक्षीस लावलें कीं वर लिहिलेले सगळे बांध अपुरे पडतील.

कॅडीविषयीं एक नियम वाचून मला समाधान वाटलें. कॅडीनें नियम मोडला तर दंड खेळाडूस होतो. कॅडी खेळाडूस सल्ला देऊं शकतो, बाकी कोणी देऊं नये. म्हणजे त्यास नुसता हमाल समजलेलें नाहीं. प्रत्यक्षांत मात्र नियम उत्तम जाणणारा हा मनुष्य सामन्याबाहेर उभा असतो. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचें काम केलेला अली शेर १९९१ सालीं इंडियन ओपन स्पर्धा जिंकला. कित्येक क्लबांत मैदान बंद असण्याच्या दिवशीं कॅडींस खेळूं देतात. मीं विद्यार्थ्यास सुचविलें कीं, त्या दिवशीं महिन्यांतून एकदां त्यांचाही सामना याच नियमांनीं लावावा, त्यांचींही कार्डें ठेवावीं, आणि वर्षांतून एक रविवार दोन्ही याद्या एकत्र कराव्या. कर्नलसाहेबांची सवलत सहा असेल आणि त्यांच्या कॅडीची दोन, तर त्या दिवशीं कर्नलसाहेबांस चार फटके माफ घ्यावे लागतील. यावर अद्याप उत्तर आलेलें नाहीं.

आतां वाचकांच्या घराकडे वळतों. गोल्फचें मैदान कोणाच्या परसांत नाहीं, पण कॅरमचा पाट बहुतेक घरांत आहे, आणि रविवारीं दुपारीं त्याभोंवतीं आजोबांपासून नातीपर्यंत मंडळी बसतात. नात कच्चा लिंबू असते. किंवा काका मुद्दाम हरतात, जें तिला ताबडतोब समजतें. त्याऐवजीं असें करून पाहावें. पंचवीस गुणांचा डाव धरावा. प्रत्येकाची सवलत एका वहींत लिहावी. नातीस आरंभींच बारा गुण, वहिनींस पांच, काकांस शून्य, असें पहिल्या दोन रविवारच्या खेळावरून ठरवावें. त्यापुढें कोणाचा आग्रह चालूं देऊं नये. लागोपाठ दोन डाव जिंकल्यास सवलत दोनांनीं उतरेल, लागोपाठ तीन हरल्यास एकानें चढेल, आणि बारांपलीकडे कधींच जाणार नाहीं. उतरण्याची पायरी चढण्याच्या पायरीहून मोठी कां, हें वर सांगितलेंच आहे. काकांनीं पूर्ण जोरानें खेळावें. दया दाखविल्यास आंकडे बिघडतात. नातीची सवलत बारांवरून दहांवर आली त्या दिवशीं ती काय करते तें पाहण्यासारखें असेल. तिला ‘तुझे दोन गुण कमी केले’ असें कोणी सांगूं नये. वही तिच्या हातीं द्यावी व वाचावयास लावावी.

स्ट्रायकरनें रेघ ओलांडली तर ज्यानें मारलें त्यानेंच सांगावयाचें. दुसऱ्यांनीं ओरडूं नये. मात्र आपले गुण आपण लिहूं नयेत. नातीचे आजीनें, आजीचे वहिनींनीं, काकांचे नातीनें लिहावे, आणि डाव संपल्यावर दोघांनीं सही करावी. वही शिवलेली असावी, सुटे कागद नकोत. आणि ती कपाटांत कुलपांत न ठेवतां पाटाशेजारीं खुंटीस टांगावी, म्हणजे ज्यास शंका येईल त्यानें कोणास न विचारतां उघडून पाहावी.